किती दिले आणि किती पोहोचले

गेल्या अंकात थायरॉइडवरच्या आयोडीन उपचाराविषयीच्या एका लहानशा प्रश्नाला मी उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: किरणोत्सारी औषध शरीरात सोडल्यावर प्रत्येक अवयवाला किती किरणोत्सर्ग मिळाला हे मोजता येते का, येत असेल तर कसे, आणि मोजून हाती काय लागते. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. इंदूरमध्ये वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून मी रोज हेच काम करते. उत्तरे त्या अनुभवावरून लिहिली आहेत. मात्र आपल्या घरच्या रुग्णाचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्यावा.

स्नेहलतागंज, इंदूर येथून एक वाचिका: माझ्या आईला लहान आतड्यातील न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची गाठ) आहे. तिला लुटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाची चार इंजेक्शने, प्रत्येकी २०० मिलिक्युरीची, सुचवली आहेत. गेल्या वर्षी काकांना मशीनवरचे रेडिएशन दिले तेव्हा ५० ग्रे, २५ दिवसांत, असा नेमका हिशेब लिहून मिळाला होता. आईचे वजन ४२ किलो आहे आणि तिच्याबरोबर तपासणीला आलेल्या दुसऱ्या एका रुग्ण गृहस्थांचे नव्वद किलोच्या घरात होते, तरी दोघांनाही २०० च. हे कसे?

आपल्या प्रश्नात दोन वेगळी एकके शेजारीशेजारी आली आहेत आणि सगळी गोम तिथेच आहे. दवाखान्यात आम्ही सगळेच ‘दोनशेचा डोस दिला’ असे सर्रास बोलतो, पण २०० मिलिक्युरी, म्हणजे ७.४ गिगाबेकरेल, ही शरीराला मिळालेली मात्रा नव्हे. त्या क्षणी औषधातील ७४० कोटी अणू दर सेकंदाला विघटित होत आहेत, एवढेच हा आकडा सांगतो. काकांच्या कागदावरचा ग्रे मात्र खरी मात्रा सांगतो: एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती १ ग्रे. माळव्यातल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवरची मोटर किती तास चालली हा एक हिशेब आणि शेवटच्या वाफ्याला पाणी किती मिळाले हा दुसरा. मधल्या पाटात किती मुरले आणि कुठे फुटून गेले हे पाहिल्याशिवाय पहिल्यावरून दुसरा सांगता येत नाही.

काकांच्या उपचारात किरण बाहेरून येत होते. इंदूरकरांना ‘कॅट’मुळे (आताचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) त्वरक, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, हा शब्द ओळखीचा आहे, रुग्णालयातले मशीन हा त्याचाच एक लहान भाईबंद. त्याचा झोत कुठून शिरतो, किती खोल जातो आणि कोणत्या क्षणी बंद होतो हे आधीच ठरवता येते. आईच्या उपचारात औषध रक्तातून फिरते, ट्यूमरच्या पेशींवर असणाऱ्या, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला धरून ठेवणाऱ्या ग्राहींना चिकटते, काही भाग मूत्रपिंडात, यकृतात आणि प्लीहेत अडकतो आणि बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. जे उरते ते ६.६५ दिवसांच्या अर्धायुकालाने क्षीण होत राहते. कोणत्या अवयवात किती औषध शिरले आणि किती काळ तिथे टिकले, या दोन गोष्टींवर त्या अवयवाची मात्रा ठरते, आणि त्या प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या असतात. सारखेच ७.४ गिगाबेकरेल घेतलेल्या दोन रुग्णांच्या मूत्रपिंडांना मिळालेल्या मात्रेत दोन-तीन पटींचा फरक पडू शकतो. वजन हे त्यातले एक कारण आहे, पण एकमेव नाही. ज्याच्या शरीरात ट्यूमरचा भार मोठा आहे त्याचे बरेचसे औषध ट्यूमरच शोषून घेतो आणि मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येते. त्यामुळे ते गृहस्थ आणि आपली आई यांच्यापैकी कोणाच्या मूत्रपिंडांना जास्त मिळेल हे वजनकाट्यावरून मी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगू नये.

मग सगळ्यांना एकच आकडा का? ज्या मोठ्या चाचणीने हा उपचार प्रस्थापित केला, त्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ चाचणीत हा उपचार घेणाऱ्या प्रत्येकाला आठ आठवड्यांच्या अंतराने ७.४ गिगाबेकरेलची चार इंजेक्शने दिली होती. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांची सलाइन लावली जाते, ती आईलाही लावतील. बहुसंख्य रुग्ण या आकड्यावर सुरक्षित राहतात, म्हणून तो रूढ झाला आणि मान्यताही त्याच आकड्याला मिळाली. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो सरासरी रुग्णासाठी आहे, आणि आपली आई सरासरी आहे की नाही हे पहिल्या इंजेक्शननंतर मोजून कळू शकते. म्हणून वजनाप्रमाणे औषध कमी करा असा आग्रह धरण्यापेक्षा डॉक्टरांना एवढेच विचारा, की पहिल्या इंजेक्शननंतर स्पेक्ट-सीटी (शरीरातले औषध टिपणारा कॅमेरा आणि सीटी यांचा एकत्र स्कॅन) करून मूत्रपिंडांची मात्रा काढणार आहात का.

दांडिया बाजार, वडोदरा येथून एक वाचक: वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. त्यांचे एक मूत्रपिंड मुतखड्यापायी वीस वर्षांपूर्वी काढले. इंदूरला लुटेशियम-पीएसएमए (प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींना चिकटणारे लुटेशियमचे औषध) सुरू झाले आहे. इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी पुन्हा स्कॅनसाठी बोलावतात. त्यासाठी आम्हाला राहावे लागते किंवा दोनदा प्रवास करावा लागतो. हा स्कॅन टाळला तर चालेल का? आणि एका फोटोवरून मात्रा कशी कळते?

टाळू नका. ज्यांना एकच मूत्रपिंड आहे त्यांच्यासाठी तर तो सर्वात उपयोगी स्कॅन आहे. त्यासाठी नवे औषध टोचावे लागत नाही. उपचारासाठी दिलेले लुटेशियमच बीटा कणांबरोबर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांबरोबर, थोडे गॅमा किरणही सोडते, मुख्यतः २०८ आणि ११३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, आणि तेच कॅमेरा टिपतो. वडिलांना अर्धा तास स्थिर पडून राहावे लागेल. सीटीचा किरणोत्सर्ग वाढतो, पण उपचाराच्या मानाने तो नगण्य असतो.

आपण विचारले आहे म्हणून हिशेब उलगडून दाखवते. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, वडिलांचे नव्हेत. समजा, चौथ्या दिवशी, म्हणजे ९६ तासांनी, स्कॅनमध्ये मूत्रपिंडात ४० मेगाबेकरेल आढळले, म्हणजे दर सेकंदाला ४ कोटी विघटने. सीटीवर मूत्रपिंडाची कड आखून वजन काढले, ते २०० ग्रॅम भरले. एकटे मूत्रपिंड काम वाढल्यामुळे बहुधा मोठे झालेले असते. आता प्रश्न असा, की इंजेक्शनपासून शेवटपर्यंत त्या मूत्रपिंडात एकूण विघटने किती झाली. खरे तर त्यासाठी पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या आणि सातव्या दिवशी मोजून आलेख काढावा आणि त्याखालचे क्षेत्रफळ घ्यावे, आणि अनेक वर्षे तसेच केले जात होते. पण जर्मनीतील वुर्झबर्गच्या हान्शाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या लुटेशियम उपचारात चौथ्या दिवशीचे एकच मोजमाप बहुतेक अवयवांसाठी पुरेसे ठरते. त्या दिवशीच्या सक्रियतेला (दर सेकंदाला होणाऱ्या विघटनांना), गेलेल्या वेळेची दुप्पट करून ०.६९३ ने भागून आलेल्या आकड्याने गुणले की एकूण विघटने मिळतात. त्यातली मेख अशी: ज्याच्या शरीरातून औषध लवकर निघते त्याच्यात सुरुवातीचा भाग मोठा आणि चौथ्या दिवशीचा लहान असतो, ज्याच्यातून सावकाश निघते त्याच्यात उलट, आणि अर्धायुकाल एका विस्तृत मर्यादेत कुठेही असला तरी ही दोन्ही टोके या गुणाकारात जवळपास एकमेकांना सांभाळून घेतात, चूक साधारण दहा टक्क्यांच्या आत राहते.

९६ तास म्हणजे ३,४५,६०० सेकंद. दुप्पट करून ०.६९३ ने भागल्यास सुमारे १० लाख सेकंद. चार कोटी गुणिले दहा लाख, म्हणजे ४० लाख कोटी विघटने. लुटेशियमच्या प्रत्येक विघटनात सरासरी १४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा इलेक्ट्रॉनांवाटे बाहेर पडते, आणि ते जास्तीत जास्त दोन मिलिमीटर जात असल्यामुळे ती जवळजवळ सगळी मूत्रपिंडातच मुरते. सगळी मिळून ती भरते ०.९४ ज्यूल. चमचाभर पाण्याचे तापमान या ऊर्जेने एका अंशाचा विसावा भागही चढणार नाही. पण ही ऊर्जा पेशींच्या डीएनएचे धागे तोडण्यात खर्च होते, म्हणून तिचा हिशेब ठेवावा लागतो. ०.९४ ज्यूल भागिले ०.२ किलो, म्हणजे ४.७ ग्रे.

हा उपचार सहा आठवड्यांच्या अंतराने सहा वेळांपर्यंत देतात. सरळ सहापट केली तर २८ ग्रे होतात. मशीनवरच्या किरणोपचारातून मूत्रपिंडासाठी २३ ग्रेची मर्यादा रूढ झाली आणि ती तशीच इकडे आली. लुटेशियमची मात्रा मात्र अनेक दिवस संथपणे मिळते आणि पेशींना दुरुस्तीसाठी वेळ असतो, म्हणून तीच मर्यादा इथे जशीच्या तशी लावणे कडक ठरते असे बरेच तज्ज्ञ मानतात, आणि मलाही तसेच वाटते. परंतु मधुमेह, रक्तदाब किंवा एकच मूत्रपिंड असेल तर सैल सोडण्याआधी दहादा विचार करावा. शिवाय ट्यूमर आकसत गेला की पुढच्या फेऱ्यांत मूत्रपिंडाचा वाटा वाढू शकतो, त्यामुळे पहिल्या फेरीचा आकडा सहाने गुणून मोकळे होणे बरोबर नाही.

एक सूचना. वर सांगितलेली एका मोजमापाची पद्धत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या औषधासाठी तपासलेली आहे. पीएसएमए मूत्रपिंडातून थोडे लवकर निघते. म्हणून वडिलांच्या पहिल्या फेरीत दुसऱ्या दिवशी एक आणि चौथ्या दिवशी एक, असे दोन स्कॅन करता आले तर करून घ्यावेत. पुढच्या फेऱ्यांत एकावर भागेल, आणि एक खेप वाचेल.

इंदूर येथील न्यूक्लिअर मेडिसिन विभागात नव्याने रुजू झालेला एक तंत्रज्ञ: आमच्याकडे लुटेशियमची मोजमापे नुकतीच सुरू झाली आहेत. एकाच रुग्णाच्या डाव्या आणि उजव्या मूत्रपिंडांचे आकडे कधी कधी फार वेगळे येतात. चूक कुठे शोधावी?

सुरुवात चित्रापासून करा, संगणकापासून नको. माझ्या उमेदीच्या काळात, एका विभागात काम करत असताना, एका बाईंच्या डाव्या मूत्रपिंडाची मात्रा उजव्याच्या जवळजवळ दीडपट आली. मी दोन दिवस गुणांक तपासत बसले, गणिते पुन्हा केली, सगळे बरोबर. शेवटी सीटीचे एकेक काप सरकवत गेले तेव्हा दिसले, की मोठ्या आतड्याचे वळण मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला अगदी खेटून होते, त्यात औषध उतरले होते, आणि स्पेक्टच्या अस्पष्ट कडेवर विसंबून मी आखलेल्या रेषेत ते आतडे आले होते. रेषा सीटीवरून पुन्हा आखली आणि दोन्ही मूत्रपिंडे जुळली. तो अहवाल तोवर डॉक्टरांच्या टेबलावर गेलेला होता. त्यांना जाऊन सांगावे लागले, आणि पुढची फेरी त्या आकड्यावरून कमी केली गेली नव्हती हे नशीब. तेव्हापासून मी कड नेहमी सीटीवर आखते आणि रेषेच्या आत काय काय आले आहे ते शेजारच्या सहकाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. कड आखताना घनफळात दहा टक्के चूक झाली की मात्रेतही जवळपास तेवढीच चूक होते.

चित्र ठीक असेल तर मग साखळी मागे मागे तपासा. कॅमेऱ्याला ‘दर सेकंदाला इतके ठोके म्हणजे इतके मेगाबेकरेल’ हे शिकवण्यासाठी आपण पाणी आणि मोजलेले लुटेशियम भरलेला फँटम, म्हणजे शरीराच्या जागी ठेवायचे भांडे, स्कॅन करतो. त्यातले लुटेशियम ज्या डोस कॅलिब्रेटरवर (औषधाची सक्रियता मोजणाऱ्या यंत्रावर) मोजले, त्यावरच रुग्णाचे औषध मोजले का? त्या कॅलिब्रेटरचा मेळ मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील राष्ट्रीय मानकाशी शेवटचा केव्हा घातला? कुपीत मोजायचे आणि सिरिंजमध्ये मोजायचे गुणांक वेगळे असतात, ते बदलले का? इंजेक्शननंतर सिरिंजमध्ये आणि नळीत उरलेले औषध वजा केले का? भिंतीवरचे घड्याळ, कॅलिब्रेटरचे घड्याळ आणि कॅमेऱ्याचे घड्याळ एकच वेळ दाखवतात का? लुटेशियममध्ये अर्ध्या तासाने फारसे बिघडत नाही, पण त्याच सवयीने सहा तासांच्या अर्धायुकालाचे टेक्नेशियम मोजाल तर अर्ध्या तासात सुमारे साडेपाच टक्के गमावून बसाल.

लहान ट्यूमरबाबत वेगळी अडचण येते. कॅमेऱ्याची दृष्टी एक सेंटीमीटरहून अधिक पसरट असते, त्यामुळे दीड सेंटीमीटरच्या गाठीतले ठोके आजूबाजूला सांडतात आणि गाठीतली सक्रियता खऱ्याहून कमी दिसते. फँटममध्ये १० पासून ३७ मिलिमीटरपर्यंतचे गोल भरून प्रत्येकासाठी किती टक्के परत मिळतात हे एकदा काढून ठेवा आणि ते दुरुस्तीसाठी वापरा. दोन सेंटीमीटरहून लहान गाठीची मात्रा एका नेमक्या आकड्यात लिहू नका, पल्ला लिहा. आयोडीन-१३१ च्या स्कॅनमध्ये तर कॅमेऱ्याला जास्त ऊर्जेचे किरण सोसावे लागतात, आणि मोठी सक्रियता देऊन लगेच स्कॅन केला तर कॅमेरा ठोके गाळू लागतो. अशा वेळी थांबून स्कॅन करणे हाच उपाय.

लष्कर, ग्वाल्हेर येथून एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक: माझ्या दोन्ही मुलींना ग्रेव्हज आजार (थायरॉइड ग्रंथी अति काम करण्याचा आजार) निघाला. दोघींना वेगवेगळ्या शहरांत आयोडीन दिले, दोन्हीकडे १० मिलिक्युरी. एक सहा महिन्यांत बरी झाली, दुसरीला पुन्हा द्यावे लागले. हा दैवाचा भाग की गणिताचा?

सर, आपल्या मुलींच्या तपासण्या मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी सांगू शकत नाही. पण गणिताचा भाग नक्की किती मोठा असू शकतो हे दाखवते. हा उपचार या शाखेतल्या सर्वात जुन्या उपचारांपैकी एक आहे; ३१ मार्च १९४१ रोजी बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिले. त्याच दशकात मारिनेली यांनी मांडलेले सूत्र आजही वापरतात. आयोडीन-१३१ साठी मेगाबेकरेलमधली सक्रियता काढण्यासाठी २४.७ ला ग्रंथीच्या ग्रॅममधल्या वजनाने आणि हव्या असलेल्या ग्रेने गुणावे, आणि आलेल्या संख्येला ग्रंथीने घेतलेल्या आयोडीनच्या टक्केवारीने आणि दिवसांमधल्या प्रभावी अर्धायुकालाने (ग्रंथीतले आयोडीन प्रत्यक्षात निम्मे होण्याच्या काळाने) भागावे.

समजा दोघींच्या ग्रंथी ४० ग्रॅमच्या आहेत आणि दोघींनाही १५० ग्रे द्यायचे आहेत. एकीची ग्रंथी ६० टक्के आयोडीन घेते आणि प्रभावी अर्धायुकाल साडेपाच दिवस आहे: तिला ४४९ मेगाबेकरेल, म्हणजे सुमारे १२ मिलिक्युरी लागतील. दुसरीची ग्रंथी ३० टक्केच घेते आणि प्रभावी अर्धायुकाल ४ दिवस आहे: तिला १,२३५ मेगाबेकरेल, म्हणजे ३३ मिलिक्युरी लागतील. दोघींना सरसकट १० दिले तर पहिलीला सुमारे १२४ ग्रे मिळतील आणि दुसरीला अवघे ४५. मूळ अर्धायुकाल ८ दिवसांचा असूनही इथे ४ किंवा साडेपाच दिवस येतात, कारण ग्रंथी ते आयोडीन वापरून रक्तात सोडतही असते. दोन्ही वेगांची बेरीज होते, हे आपण वर्गात शिकवले असेलच.

ग्रंथीने किती घेतले हे मोजायला कॅमेराही लागत नाही. थोडेसे आयोडीन देऊन गळ्यासमोर साधा प्रोब धरून २४ तासांनी आणि पाच-सहा दिवसांनी मोजले की दोन्ही आकडे मिळतात. वजनासाठी सोनोग्राफी. ज्यांना ग्रंथी पूर्ण बंद करून जन्मभर थायरॉक्सिनची गोळी घ्यायची आहे त्यांच्या बाबतीत एवढी नेमकी मोजणी न करता मोठी मात्रा देतात, आणि तोही विचारपूर्वक घेतलेला मार्ग आहे. पण ग्रंथीचे काम शक्य तितके राखायचे असेल तर न मोजता देणे मला पटत नाही.

रामबाग, इंदूर येथून एक वाचक: मोजमापाने खर्च वाढतो, रुग्णाला पुन्हा पुन्हा यावे लागते. याने रुग्ण अधिक जगतात असा पुरावा आहे का, की ही केवळ तज्ज्ञांची हौस?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सर्वात स्पष्ट पुरावा यकृताच्या कर्करोगातून आला आहे. फ्रान्समधील डोसिस्फिअर-०१ या चाचणीत यकृताच्या धमनीत यिट्रियम-९० चे काचेचे सूक्ष्म मणी सोडण्याचा उपचार ६० रुग्णांना दिला. निम्म्यांना ठरीव पद्धतीने यकृताच्या त्या भागाला १२० ग्रेच्या आसपास, आणि उरलेल्यांना प्रत्येकाच्या स्कॅनवरून हिशेब करून ट्यूमरला किमान २०५ ग्रे. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. प्रतिसाद पहिल्या गटात ३६ टक्के होता, दुसऱ्यात ७१; आणि जगण्याचा मध्यक काळ १०.७ महिन्यांवरून २६.६ महिन्यांवर गेला. रुग्णसंख्या लहान आहे हे मान्य, पण औषध तेच आणि आजारही तोच असताना केवळ मोजून देण्याने हा फरक पडला.

उलट बाजूही सांगते. थायरॉइडच्या कमी जोखमीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेली ग्रंथी जाळण्यासाठी ३० मिलिक्युरी द्यावे की १००, याची २०१२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधील दोन चाचण्यांनी तपासणी केली आणि दोन्ही आकडे सारखेच परिणामकारक निघाले. अशा ठिकाणी प्रत्येक रुग्णाची बारीक मोजणी करण्याने फारसे काही हाती लागत नाही, कमीच द्यावे हे पुरे. लुटेशियमच्या बाबतीत प्रत्येकाची मोजणी करून दिलेला उपचार ठरीव उपचारापेक्षा जास्त जगवतो हे एवढ्या स्पष्टपणे अजून सिद्ध झालेले नाही. पण मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा सांभाळण्यासाठी ते करावे असे माझे ठाम मत आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशाने तर शरीरात दिलेल्या किरणोत्सारी उपचारांसाठीही प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र नियोजन आणि पडताळणी बंधनकारक केली आहे.

खर्चाचा मुद्दा राहतो. चौथ्या दिवशीच्या स्कॅनचा खर्च औषधाच्या किमतीपुढे लहान असतो. खरा खर्च रुग्णाच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा असतो. झाबुआ किंवा खरगोनकडून आलेल्या माणसाला चार दिवस इंदुरात राहा म्हणणे सोपे नाही. अशा रुग्णांसाठी मी चौथ्याऐवजी तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर स्कॅन घेऊन त्यांना दुपारच्या बसने जाऊ देते. न्यूरोएंडोक्राइन औषधासाठी तेवढी मुभा त्या पद्धतीत आहे.

इंदूरमधील एका रुग्णालयातील परिचारिका: आयोडीनच्या कक्षात रुग्णाला घरी सोडण्याआधी आम्ही एक मीटर अंतरावरून किरणोत्सर्ग मोजणारे मीटर धरून आकडा लिहितो. ती रुग्णाला मिळालेली मात्रा असते का?

नाही. तो आकडा रुग्णाजवळ एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तासाला किती किरणोत्सर्ग मिळेल हे सांगतो. रुग्णाच्या घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी तो आहे. पण आपल्या हातातले ते साधे मीटर मोजणीतही मोलाची मदत करू शकते. औषध घेतल्यावर लगेच, लघवीला जाण्यापूर्वी, पहिले वाचन घ्या आणि त्याला शंभर टक्के माना. त्यानंतर दिवसातून दोन-तीन वेळा वाचन घेत गेलात की संपूर्ण शरीरात किती आयोडीन उरले याचा आलेख तयार होतो. कर्करोग पसरलेल्या रुग्णांना मोठी सक्रियता देताना, रक्ताला २०० रॅड, म्हणजे आजच्या भाषेत २ ग्रेपेक्षा जास्त मिळू नये आणि ४८ तासांनी शरीरात १२० मिलिक्युरीपेक्षा जास्त उरू नये, फुप्फुसांत पसरलेला असेल तर ८० पेक्षा, ही मर्यादा बेनुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये घालून दिली. ती पाळली जाते की नाही हे पाहायला आपल्यासारख्या परिचारिकेने नीट घेतलेली वाचने फार कामी येतात.

त्यासाठी तीन गोष्टी सांभाळा. प्रत्येक वेळी तेच मीटर वापरा. रुग्ण दर वेळी एकाच जागी आणि एकाच स्थितीत, शक्यतो उभा, असू द्या. फरशीवर पट्टी चिकटवून त्याच्या पायांची जागा आणि आपल्या पायांची जागा कायमची आखून ठेवा. आणि वाचन लघवीच्या आधी घेतले की नंतर, हे आकड्याशेजारी लिहा, कारण पहिल्या दिवशी भरलेल्या मूत्राशयाने आकडा चांगलाच फुगतो आणि ते लिहिलेले नसेल तर मला तो वापरता येत नाही.